कच्चा खर्डा कोणाला दाखवावा?

संपादक महोदय,

नवे लेखक पहिला खर्डा पुरा होण्याआधीच चार जणांना वाचायला देतात आणि तिथेच घात होतो. अर्धवट कथेवरचा शेरा डोक्यात बसतो. पुढचं प्रत्येक वाक्य त्या शेरेबाजाला खूश करायला लिहिलं जातं. खर्डा संपेपर्यंत तो कोणालाही दाखवू नये. मग दोन-तीनच वाचक निवडावेत, एक तरी घराबाहेरचा. ‘कशी वाटली?’ असं मोघम न विचारता ‘कुठे कंटाळा आला, कोणतं पात्र खोटं वाटलं?’ असं विचारावं. ‘तिसऱ्या पानावर गोंधळलो’ ही टीका कामाची. ‘तुला लिहिता येत नाही’ ही नुसती मळमळ. ती टिपूनसुद्धा ठेवू नये. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं, तर ती जागा जरूर तपासावी. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र जपून घ्यावा, तो बहुधा त्यांच्या मनातल्या कथेचा असतो.