पगार आठवड्याला देणाऱ्या साहेबांस

आदरणीय साहेब,
सविनय नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण माझ्यासाठी जे केले ते इतर मालकांनाही करता येण्यासारखे आहे.

चार वर्षांची शिक्षा भोगून बाहेर पडलो तेव्हा पुन्हा चोरी करायची नाही, हा माझा निश्चय पक्का होता. परंतु निश्चयाने रात्रीच्या निवाऱ्याची सोय होत नाही. ओळखीच्या कागदपत्रांची मुदत संपली होती, भावाने दार उघडले पण राहा म्हणाला नाही (त्याला मी दोष देत नाही), आणि आपुलकीने चौकशी करणारे उरले होते ते जुने सोबती, ज्यांच्यापाशी जेवण, पैसे आणि ‘काम’ तिन्ही तयार होते. अमेरिकेतील 30 राज्यांत 2005 मध्ये सुटलेल्या कैद्यांपैकी सुमारे 44 टक्के जणांना पहिल्याच वर्षात आणि 68 टक्के जणांना तीन वर्षांच्या आत पुन्हा अटक झाली होती. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, हे मान्य; तरीही पहिले वर्ष किती घसरडे असते, ते यावरून कळते.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी अकरा ठिकाणी अर्ज केले होते. शिक्षेविषयीचा रकाना वाचला की बोलणे तेथेच संपे. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे उमेदवार नोकरीसाठी पाठवून पाहिले, तेव्हा तुरुंगवासाची नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणांपैकी 34 टक्क्यांना पुढचे बोलावणे आले, नोंद सांगणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांना. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत हेच आकडे 14 आणि 5 होते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी पुष्कळ उशिरा वाचला, आणि माझे अकरा नकार मला नव्याने समजले.

आपण तो रकाना वाचून दोनच प्रश्न विचारले: गुन्हा कोणता, आणि आज रात्री झोपणार कुठे? रोकड माझ्या हाती दिली नाही, आणि ते मला पटले. मालाची नोंदवही मात्र दिली, देखरेख अधिकाऱ्यापुढील हजेरीसाठी कामाच्या वेळेत सवड दिली आणि पहिले दोन महिने पगार दर आठवड्याला दिला. यातील शेवटच्या गोष्टीचे मोल आपणासही ठाऊक नसेल. काम मिळाल्यावरही पहिला पगार हाती येईपर्यंत माणूस उधारीवरच जगतो, आणि सुटून आलेल्याला उधार देणारे कोण असतात, हे मी वर लिहिलेच आहे. तेराव्या दिवशी त्यांच्यापैकी एक जण फाटकाशी येऊन थांबला होता. हे मी आपणास कधी सांगितले नाही. खिशात त्या आठवड्याचा पगार होता, म्हणून त्याला नाही म्हणता आले. केवळ सद्‌बुद्धीच्या बळावर म्हणता आले असते की नाही, याची खात्री मी आजही देणार नाही.

आठव्या महिन्यात आपण गोदामाची किल्ली दिली. येत्या सोमवारपासून माझ्या हाताखाली येणारा मुलगाही नुकताच सुटून आला आहे. त्याचाही पगार सुरुवातीस आठवड्याला द्यावा, ही विनंती या आभारांसोबतच करतो.

आपला कृतज्ञ,
गोदामातील नोंदवही सांभाळणारा