पाटी नव्हे, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न.

तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं, शिडी धरायला खाली कायम एक माणूस असतो. आई, एवढं वाचून पुढचं बाबांना दे.

बाबा, ‘पाट्या चिकटवायला एवढ्या लांब कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर फोनवर राहूनच गेलं. संग्रहालयाच्या भिंतीवर कलाकाराचं वाक्य अक्षरं चिकटवून लावायचं, हे काम पाटीसारखं दिसतं, कबूल. पण इथली संग्रहालयं भिंत घेत नाहीत, अक्षरंही घेत नाहीत. वाक्य विकत घेतात. पैसे मोजले की हाती येतो सहीचा एक कागद. प्रदर्शन संपलं की अक्षरं हेअर ड्रायरने गरम करून सोलतात, गोळा करून कचऱ्यात टाकतात, आणि कुणी हळहळत नाही. पुढे दुसऱ्या भिंतीवर, वेगळ्या मापात तेच वाक्य लागतं, कलाकृती तीच. सातबाऱ्यासारखं समजा. जमीन कपाटात मावत नाही, उतारा मावतो.

अमेरिकन कलाकार लॉरेन्स वीनर यांनी १९६८ मध्ये व्हर्मॉन्टमधल्या विंडहॅम कॉलेजच्या आवारात खुंट्या ठोकून सुतळीची जाळी आखली. जायच्या वाटेत येते म्हणून पोरांनी ती कापली. त्यावरून वीनर यांनी ठरवलं की वर्णन शाबूत आहे तोवर कामही शाबूत. त्याच वर्षी नियमही लिहिला: कलाकाराने स्वतः करावं, दुसऱ्याकडून करून घ्यावं, किंवा करूच नये, तिन्ही सारखंच.

‘करूच नये’वर तुम्ही हसणार. पण करायचं ठरलं की हलगर्जी चालत नाही. भिंतीचा रंग दोन-तीन आठवडे मुरलेला हवा. वरून सुकला तरी आतून बाष्प सुटत असतं, मग विनाइलच्या, म्हणजे अक्षरांच्या चिकट प्लास्टिकच्या, कडा उचलतात. प्लॉटरने, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सुरीच्या यंत्राने, कापून झालं की फालतू भाग चिमट्याने काढायचा, वर ट्रान्सफर टेप, म्हणजे अक्षरं उचलून भिंतीवर न्यायची चिकटपट्टी, लावायची, लेसरच्या रेघेवर मधोमध मास्किंग टेपची बिजागरी करायची. मग अर्धा मागचा कागद सोलून स्क्वीजी, म्हणजे दाबायची सपाट पट्टी, मध्यापासून कडेकडे फिरवायची. ट्रान्सफर टेप उलटी दुमडून, भिंतीला लगटून, सावकाश काढायची. भिंतीपासून सरळ ओढली की अक्षर तिच्याबरोबर येतं.

देवनागरीत आणखी एक कटकट. फाँटमध्ये अक्षरं शिरोरेखेवर एकमेकांवर किंचित चढलेली असतात. कॉम्प्युटरवर आधी ती एकसंध केली नाहीत तर प्लॉटरची सुरी प्रत्येक जोडावर फिरते आणि शिरोरेखेचे तुकडे पडतात. अनुस्वार चिमट्याबरोबर निघून जातात. ‘मंद’चं ‘मद’ होतं. पाटीवरचा ठिपका गेला तरी दुकान चालतं. इथे ठिपक्यासकट पैसे मोजलेले असतात.

या महिन्याचे पैसे आठवडाभर उशिरा येतील, बिल अडकलंय, बाकी काही नाही. छोटीच्या हॉलचा दुसरा हप्ता माझ्याकडे. बाबांनी पतपेढीत जाऊ नये. लग्नाच्याच आठवड्यात इथे दोन भिंती आहेत. येणारच नाही असं नाही, विचारून बघते. माझ्या स्थळाबद्दल आईने लिहिलेलं वाचलं, त्याचं पुढच्या पत्रात. पत्रिकेचा मजकूर छापायला देण्याआधी मला पाठवा. अनुस्वार मी बघते, तेवढं इथून होतं.

तुमची,
मोठी