निकाल छापता, वर्गही बघा

संपादक साहेब, नमस्कार. दहावीच्या निकालात कोकण पहिलं अन नागपूर शेवटी हे आता पाठच झालंय, 2025 लाही कोकण 98.82 टक्के अन आपण 90.78. मग सगळे मनपा शाळेच्या मास्तरांवर तुटून पडतात. पण वर्गात बसलंय कोण ते पाहा ना, आमच्या वस्तीतल्या शाळेत कितीतरी पोट्टे छत्तीसगड, बालाघाटकडून बांधकामावर आलेल्या मजुरांचे, साइट बदलली की शाळा सुटली, अन नववीतल्या पोरी सकाळी धुणीभांडी करून येतात, पहिल्याच तासाला डुलक्या. ज्यांना जमलं ते आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांत नाहीतर फी भरून कधीच कॉन्व्हेंटात गेले. दोघांना एकाच तराजूत कसं तोलता बाप्पा? निकालासोबत आठवी ते दहावी किती पोरं गळाली तेही छापा.

— एक पालक, नागपूर