‘इथे नको गं’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्हाला दोन ओळींचा निरोप पाठवला होता, पण त्याने मन भरलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

बाबांच्या नजरेचा मधला भाग धूसर होत गेला. कडेला ठेवलेलं दिसायचं, पण समोरचं अक्षर दिसायचं नाही. त्यांच्यासाठी भिंगं शोधताना जे कळलं ते मी एका लेखात मांडलं आणि त्यात अ‍ॅफिलिएट लिंका घातल्या. कुणी त्यांवरून भिंग घेतलं तर मला थोडं कमिशन मिळतं. मेहनत घेऊन लिहिलेल्या लेखातून चार पैसे मिळाले तर त्यात गैर काही नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. लाज वाटली ती त्या लिंका कुठे कुठे होत्या याची.

त्या जागा माझ्या नव्हत्या. ज्यांना फी देऊन मी सल्ला विचारला होता, त्यांनी लेख वाचलाच नाही. त्यांच्याकडे ठरलेला आराखडा होता. शीर्षकाखाली मोठं बटण, दर दोन परिच्छेदांना एक लिंक, शेवटी आणखी तीन. वाचक खाली येत नाही, त्याला वरच पकडायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामागे हिशेब होता. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत एकदा लिंक दाबली की साधारण २४ तासांत त्या माणसाने तिथे केलेल्या खरेदीवर, मग ती दुसऱ्याच वस्तूची का असेना, कमिशन मिळू शकतं. म्हणून काहीही करून दाबायला लावा, आणि लवकर लावा. ‘तो काय घेतो याच्याशी आपल्याला काय करायचंय?’ हे वाक्य त्यांनी मला सहज ऐकवलं होतं.

आणि त्या पहिल्या बटणावर कोणतं भिंग होतं? १० पट मोठं दाखवणारं. आकडा मोठा दिसला की बोट आपोआप तिकडे जातं. पण भिंगाची ताकद वाढते तसा त्यातून एका वेळी दिसणारा भाग लहान होतो, आणि ते डोळ्याच्या अगदी जवळ धरावं लागतं. एका वेळी चार-दोन अक्षरं दिसतात, हात जरा हलला की तीही निसटतात. हे सगळं मी लिहिलं होतं, पण सातव्या परिच्छेदात! वरचं बटण दाबून निघून गेलेला माणूस तिथवर पोचणार कसा? एका बाईंनी मला कळवलं की त्यांनी आईसाठी तेच भिंग मागवलं. आईला एक ओळ काही लागेना. ती माउली म्हणाली, भिंग चांगलंच असेल, माझेच डोळे आता कामातून गेलेत.

ते वाचल्यावर मी दुसऱ्या एका अनुभवी माणसाकडे गेले. त्यांनी आकडे पाहिले आणि सांगितलं, विक्री बरी होते आहे, कशाला हात लावू नका.

मग तुम्ही भेटलात. तुमचं माझं काही देणंघेणं नव्हतं. ‘वेळ मिळाला तर एकदा बघाल का?’ एवढंच मी विचारलं होतं. फार तर चार सूचना येतील असं वाटलं होतं. तुम्ही १४ मिनिटांची ध्वनिफीत पाठवलीत. तुम्ही माझा लेख मोबाइलवर उघडून पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचला होता, शेजारी बसलेल्या माणसाला वाचून दाखवावा तसा. लिंक आली की ‘लिंक’ म्हणायचं आणि पुढे जायचं. पहिल्या बटणापाशी तुम्ही म्हणालात, ‘लिंक. पण मला अजून काहीच माहीत नाही.’ पुढे स्टँडच्या भिंगाबद्दल वाचताना तुमचा आवाज जरा उचलला गेला: ‘म्हणजे हातात धरायचंच नाही, कागदावर नुसतं ठेवायचं? मग असं कुठलं मिळतं?’ नेमकी तिथेच लिंक नव्हती. लेखात एकूण १२ लिंका, आणि वाचणाऱ्याने आपणहून विचारलं त्या जागी एकही नाही.

मग पत्राचा परिच्छेद आला. बाबांच्या मित्राचं पत्र आलं होतं. बाबांनी ते खिडकीशी नेलं, जवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा घडी घातली आणि म्हणाले, ‘नंतर वाचतो.’ या ‘नंतर वाचतो’ वर निळी लिंक होती. मन हललं की हात खिशाकडे जातो, असं मला शिकवलं गेलं होतं आणि मी ते मुकाट ऐकलं होतं. तुम्ही तिथवर वाचलंत आणि थांबलात. ‘लिंक’ असं म्हणाला नाहीत. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग अगदी हळू, ‘इथे नको गं.’

ताई, मी तो तुकडा किती वेळा ऐकला असेल! तुम्ही रागावला नाहीत, मला लोभी म्हणाला नाहीत. माझ्या बाबांपाशी दोन क्षण थांबलात, बस.

त्याच रात्री लेख उसवला. पत्रातली लिंक काढली, वरचं बटण काढलं. १० पटीच्या भिंगाची लिंक आता त्याच्या अडचणी सांगून झाल्यावर येते, तोवर वाचणाऱ्याला ते नकोसं झालं तर झालं. स्टँडच्या भिंगाची लिंक तुम्ही विचारलंत तिथे. कमिशन मिळतं ही ओळ तळाशी बारीक अक्षरात होती, ती पहिल्या लिंकेच्या आधी, बाकीच्या मजकुराएवढ्याच अक्षरात. गूगलने २०१९ पासून अशा लिंकांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण दिली आहे, म्हणजे लिंकेमागे पैसे आहेत हे गूगलला कळतं; तीही लावली. आणि ‘इथे क्लिक करा’ हे शब्द सगळीकडून खोडले. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणारे पुष्कळ जण एका लिंकेवरून थेट दुसरीवर जातात. त्यांना पुन्हा पुन्हा ‘इथे क्लिक करा’ ऐकून काय कळणार? कमी दिसणाऱ्यांसाठी लेख लिहिला आणि हेच सुचलं नाही, याचं वाईट वाटतं. आता लिंकेवर वस्तूचं नाव असतं.

पहिल्या महिन्यात कमिशन कमी झालं, खोटं कशाला सांगू. परत पाठवलेल्या वस्तूही कमी झाल्या; त्यांचं कमिशन तसंही कापलंच जायचं. पण मला आकड्यांपेक्षा त्या बाईंच्या आईची जास्त काळजी होती. त्यांना मी स्वतः लिहिलं, चूक कबूल केली, स्टँडच्या भिंगाबद्दल सांगितलं. त्या पत्रात कसलीच लिंक घातली नाही.

दुसऱ्याचं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचणं ही किती साधी माणुसकी आहे, आणि किती थोड्यांकडे असते. पैसे घेऊन जे कुणी केलं नाही ते तुम्ही जेवणानंतरच्या रिकाम्या वेळात केलंत, आणि वर ‘वाचता वाचता जरा अडखळले, माफ कर’ असंही म्हणालात.

एक निरोप द्यायचा आहे. तुमची ध्वनिफीत मी बाबांना ऐकवली. पत्राच्या जागी तुम्ही गप्प झालात तेव्हा तेही मान खाली घालून बसले. संपल्यावर म्हणाले, ‘त्यांना कळव, ते पत्र मी वाचलं. स्टँडच्या भिंगातून. दोन दिवस लागले, पण सगळं वाचलं.’

तुमची,
धाकटी बहीण मानलीत तर तीच