हँग ग्लायडिंगचे रेटिंग पाच दिवसांत हाती पडत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की पाचगणी, भिलार, खिंगरच्या कड्यांवर पॅराग्लायडर दिसू लागतात आणि पाठोपाठ 'पाच दिवसांत पायलट व्हा' छापाच्या जाहिराती. हँग ग्लायडर आणि ट्राइक यांचीही चौकशी होते. हँग ग्लायडर म्हणजे ताठ सांगाड्याचा त्रिकोणी पंख, त्याखाली पायलट आडवा लटकतो. ट्राइक म्हणजे हँग ग्लायडरसारख्याच त्रिकोणी पंखाखाली तीन चाकांची इंजिनवाली गाडी टांगलेले अतिहलके विमान. विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्टिफिकेट कधी मिळणार? पाच दिवसांत मिळते ते कोर्सला हजर राहिल्याचे. रेटिंग, म्हणजे पायलटच्या कौशल्याची पायरी ठरवणारा दाखला, ही वेगळी चीज आहे, आणि हा फरक न कळल्याने पैसे तर जातातच, वर हाडेही मोडतात.

रेटिंगच्या कागदावर प्रशिक्षक सही करतो ती तुम्ही त्याच्यासमोर काय करून दाखवले त्यावर. एफएआय या हवाई क्रीडांच्या जागतिक संघटनेच्या 'सेफ प्रो' पद्धतीत हँग ग्लायडिंगच्या पाच पायऱ्या आहेत: जमिनीलगत तरंगणे, उंचावरून उतरणे, प्राथमिक सोअरिंग (वर चढणाऱ्या हवेवर टिकून राहणे), प्रगत सोअरिंग आणि क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचे उड्डाण). ही पायरी दाखवणारे तिचे आयपीपीआय कार्ड परदेशात चालते, पण सोबत आपल्या देशाचे चालू रेटिंग असेल तरच. आकडे हवे असतील तर अमेरिकी संघटनेचे नियम बघावेत. तिथे तिसऱ्या पायरीला, म्हणजे एच-३ ला, लॉगबुकात ३० उड्डाण-दिवस, ९० उड्डाणे आणि एकट्याने घालवलेले १० तास लागतात. एच-४ ला ८० दिवस, २५० उड्डाणे, ७५ तास. शिवाय ठरवून दिलेल्या खुणेवर उतरायचे. तीन लँडिंगची सरासरी एच-३ ला ५० फुटांच्या आत, एच-४ ला २५ फुटांच्या. आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्चअखेर वीसेक शनिवार-रविवार मिळतात आणि त्यातले निम्मे वारा खातो. एका हंगामात ३० दिवस कसे भरतील, हे जाहिरात देणाऱ्यालाच विचारावे.

टँडममध्ये, म्हणजे दोघांच्या उड्डाणात, मागच्याने उडवले आणि पुढच्याने सेल्फी काढला, ते उड्डाण एकट्याच्या तासांत धरत नाहीत. पॅराग्लायडिंगचे रेटिंगही इथे उपयोगी पडत नाही, आणि तो काही कागदोपत्री हट्ट नव्हे. पॅराग्लायडरमध्ये ब्रेक ओढले की वेग कमी होतो. हँग ग्लायडरमध्ये बार (पायलटपुढची आडवी नळी) छातीकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो. जमीन अंगावर येऊ लागली की हात जुन्याच सवयीने चालतात. २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणातही पॅराग्लायडिंग, हँग ग्लायडिंग आणि मायक्रोलाइट हे गट वेगवेगळे ठेवले आहेत.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी गोष्ट दिसायला अगदी क्षुल्लक आहे: आपण पंखाला अडकवलेले आहोत की नाही. मदतनीसाने ग्लायडरचे नाक धरायचे, पायलटने हार्नेसमध्ये (अंगावरच्या पट्ट्यांच्या झोळीत) आडवे लोंबकळून बघायचे. कॅराबिनर (हार्नेस पंखाला जोडणारी कडी) लॉक आहे का, मुख्य पट्टा आणि जोडीचा बॅकअप पट्टा दोन्ही त्यातून गेलेत का, पायांचे पट्टे चढवलेत का, छाती आणि बार यांत किती अंतर राहते. याला हँग चेक म्हणतात. चूक होते ती यानंतर. वारा पडला म्हणून पायलट हूक काढून सावलीला बसतो, दहा मिनिटांनी झुळूक येते, घाईत ग्लायडर खांद्यावर घेऊन तो धावतो, हूक मात्र तसाच सुटा. म्हणून अमेरिकी नियमांत, अगदी पहिल्या पायरीपासून, प्रत्येक उड्डाणाला धावण्याच्या ऐन आधी पुन्हा खात्री करून दाखवावी लागते. सोपा उपाय: ग्लायडर इतका वर उचलायचा की पायांचे पट्टे मांडीत रुततील. रुतले नाहीत तर धावायचे नाही. कोणत्याही शाळेची परीक्षा या एका सवयीवरून घ्यावी.

शिकण्याची सुरुवात कड्यावरून होत नाही. दहा-पंधरा मीटरचा गवती उतार, समोरून ताशी १० ते २० किलोमीटरचा शांत वारा आणि बारला चाके. नवशिका तीन पावले टाकून बारवर झेप घेतो किंवा नाक फार वर ठेवतो. दोन्हीत पंख स्टॉल होऊन, म्हणजे उचल गमावून, एका बाजूला कलंडतो. पंख अंगाचा भार उचलेपर्यंत धावतच राहायचे असते. उतरताना फ्लेअर (थांबण्यासाठी बार जोरात पुढे ढकलणे) लवकर दिला तर ग्लायडर वर चढून आदळतो, उशीर झाला तर नाकावर. त्यात बाजूची उभी नळी वाकते. ती हातापेक्षा स्वस्त आहे, तेव्हा हळहळू नये.

पाचगणीचा कडा आणि वाईचे खोरे यांत सुमारे ६०० मीटरचा फरक आहे. साध्या ग्लायडरचे ८ ला १ (एक मीटर उतरताना आठ मीटर पुढे) धरले तर संथ हवेत पावणेपाच किलोमीटर, त्यापलीकडची स्वप्ने नकोत. खाली ऊस आहे. उडण्याचा हंगाम आणि गळीत हंगाम एकच असल्याने गेल्या आठवड्यातले मोकळे रान या आठवड्यात असेलच असे नाही, आणि उलटही. उभ्या उसाचा शेंडा हीच जमीन समजून वेग राखावा, कारण फडाच्या आडोशाला वारा एकदम पडतो. पंपाच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधावेत. वाऱ्याची दिशा पाचटाच्या धुरावरून कळते, थोडी वरची हवा कारखान्याच्या धुराड्यावरून.

ट्राइकचा मामला आणखी वेगळा. तो आपल्याकडे मायक्रोलाइटमध्ये येतो. डीजीसीएकडे (केंद्राचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नोंदणी, वैद्यकीय तपासणी, स्टुडंट लायसन्स, परीक्षा, मग फ्लाइट टेस्ट. अमेरिकेत लायसन्ससाठी किमान २० तास उड्डाण, त्यातले १५ प्रशिक्षकासोबत. हँग ग्लायडरवाल्याला बार ओळखीचा वाटतो आणि तिथेच तो फसतो. जमिनीवर उजवा पाय दाबला की चाक डावीकडे वळते. थ्रॉटल पायात. टेकऑफनंतर नाक उंच असताना इंजिन बंद पडले तर बार तत्काळ ओढायचा आणि समोरच उतरायचे, धावपट्टीकडे वळायचे नाही. उतरताना मागची चाके आधी टेकवायची, ग्लायडरसारखा फ्लेअर नाही. उड्डाणापूर्वी हँग बोल्ट (गाडी पंखाला टांगणारा बोल्ट) आणि त्याची बॅकअप केबल हाताने चाचपावी.

ट्राइकच्या इंजिनांपैकी दोन-स्ट्रोक रोटॅक्स ५८२ ला २० लिटर पेट्रोलमागे ४०० मिलि ऑइल. कूलंट ६५ अंशांवर येण्याआधी पूर्ण थ्रॉटल दिला तर पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगतो आणि इंजिन जाम होते. त्याच कंपनीच्या चार-स्ट्रोक ९१२ ला कंपनी पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवते आणि पंपावर आता २० टक्क्यांचे मिळते, आपल्याच कारखान्यांचे. इथेनॉल ओल शोषते, रबरी नळ्या फुगवते. एव्हीगॅस (विमानांचे पेट्रोल) घातले तर शिशामुळे ऑइल लवकर बदलावे लागते. कऱ्हाडच्या धावपट्टीवर ४० अंशांच्या दुपारी हवा जवळपास १,६०० मीटर उंचीवरच्याइतकी विरळ होते. सकाळी उठलेला ट्राइक तेव्हा तितक्या लांबीत उठत नाही. सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीचा निर्णय होईल तेव्हा सकाळचे दोन तास अशा उड्डाणांना मागून ठेवावेत, दोन-तीनशे मीटर पुरतात.

जाहिरात बघून फोन करणाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात: सही करणाऱ्याचे स्वतःचे रेटिंग कोणते आणि कोणत्या यानाचे, आणि लॉगबुक पहिल्या दिवसापासून लिहून घेता का. आपणही अशा जाहिराती छापताना हाच पहिला प्रश्न विचारावा, ही विनंती.

आपले,
हँग ग्लायडर व ट्राइक शिकवणारे काही जण, वाई, जि. सातारा