वुडहाऊसच म्हण!

पुणे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

विनोदी इंग्रजी लेखक पी. जी. वुडहाऊसवरचं तुझं भाषण वाचलं. झकास जमलंय. बर्टीच्या त्या हुशार नोकराचा, जीव्हजचा परिच्छेद लांबलाय, पण कापू नकोस, लोक त्यासाठीच येणार. मजकुराबद्दल तक्रार नाही. काल फोनवर मात्र तू सारखं ‘वोडहाऊस’, ‘वोडहाऊस’ करत होतास. आपण कट्ट्यावर म्हणतो तेव्हा ठीक आहे, पण इंग्रजीतून तासभर बोलायचंय तर ‘वुडहाऊस’ म्हण. वु ऱ्हस्व, जोरही त्यावरच. स्पेलिंगमधला ‘ओ’ फसवतो. ‘वुड’चंच ते जुनं रूप, आडनावात तसंच चिकटून राहिलंय.

आणि पुरावा हवा असेल तर कुलाब्याला जा. आजचा नाथालाल पारेख मार्ग म्हणजे जुना वुडहाऊस रोड. १८७२ ते १८७७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर फिलिप वुडहाऊस यांच्या नावाचा. स्पेलिंग अगदी आपल्या लेखकाचंच. पण जुन्या मुंबईकरांच्या तोंडी ‘वुड’च, आणि कित्येकांच्या इंग्रजी पत्त्यात तर सरळ लाकडाचं स्पेलिंग! त्या रस्त्याने इतके वेळा गेलेला तू, आणि वोड म्हणतोस?

त्याच्या कथांतल्या बर्टीचं आडनावही सांभाळ. दोन ‘ओ’ दिसले की आपण ‘वूस्टर’ असं लांबवतो. तिथेही वु ऱ्हस्वच. त्याचं दुसरं पात्र स्मिथ (Psmith), त्याच्या आधीचा ‘पी’ मात्र अजिबात उच्चारायचा नाही. जगात स्मिथ फार झाले म्हणून त्या पठ्ठ्याने तो स्वतःच लावून घेतलाय, निव्वळ कागदावर मिरवायला. हे भाषणात घाल, हमखास हशा येईल.

वुडहाऊसचं पहिलं नाव ‘पेलम’ (Pelham), त्यातला ‘एच’ गिळायचा. भरभर म्हटलं की ते ‘प्लम’सारखं ऐकू येतं, म्हणून घरचे-दारचे त्याला प्लमच म्हणत. ९३ वर्षांचा होऊन १९७५ साली गेला तोवर प्लमच.

अध्यक्ष ‘वोडहाऊस’ म्हणाले तर स्टेजवर त्यांना दुरुस्त करू नकोस हं. तुला ती खोड आहे. पुढच्या वाक्यात आपलं नीट म्हणायचं नि पुढे जायचं. ऐकणाऱ्याला कळतं.

कार्यक्रमाची वेळ संध्याकाळची आहे ना? दुपारच्या गाडीने निघतो. मुक्काम तुझ्याकडेच, वहिनींना सांगून ठेव.

तुझा,
सुहास