सूचना : खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीत कोणता दगड टाकावा

सभासदांनो, दगड म्हणून समुद्रातलं पोवळं कोणी देतो म्हणाला तरी घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

आपल्या भागातला दगड उचलताना जपून. तुमसरकडचा मँगनीजचा दगड किंवा लालसर, गंजासारख्या रेघांचा दगड टाकीत नकोच. धातू पाण्यात उतरले की कोळंबी आणि पोवळी आधी मरतात. व्हिनेगर टाकून फेस आला म्हणजे दगड चुनखडीचा, एवढंच कळतं. धातू त्यातून कळत नाही. वणी-कोरपन्याकडची चुनखडी चालते, पण ती घट्ट असते. छिद्रं कमी म्हणून पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंना जागा कमी.

दगड घरी करायचा असेल तर 1 भाग पोर्टलँड सिमेंट, 3 भाग शिंपल्यांचा चुरा, 1 भाग जाडं मीठ. पाणी बेताचंच घाला, गोळा हातात दाबला तर बोटांतून पाणी गळू नये. मीठ विरघळलं की छिद्रं उरतात. सुकल्यावर 6 ते 8 आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, पाणी दर 3-4 दिवसांनी बदला. आठवडाभर न बदललेल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कपणाचा आकडा) 8.4 च्या वर जात असेल तर दगड अजून कच्चा आहे. घाई केली की मासे जातात.

दगड भाजू किंवा उकळू नका, आतली वाफ तो फोडते. 100 लिटरला 10 किलो पुरे. दगड काचेवर बसवा, वाळू नंतर. विहिरी-बोअरचं पाणी नको, आरओचंच वापरा. अमोनिया आणि नायट्राइट (माशांना विषारी द्रव्यं) शून्य झाल्याशिवाय मासा सोडू नका.